माझ्या वतीने दिलेला शब्द

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मला बाबांसारखीच शुगर निघाली आहे, गोळ्या चालू केल्यात, बाहेरचं खाणं बंद केलं की ठीक होईल. ते चुकीचं होतं. तेव्हा डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं म्हणून मी तसं लिहिलं. पण गोळ्या घेऊनही साखर उतरेना, वजन मात्र उतरत राहिलं. मग दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी करायला लावली. माझा आजार बाबांच्या आजारासारखा नाही. शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या माझंच शरीर मारतंय. लहान मुलांना होतो त्यातलाच हा प्रकार, फक्त मोठेपणी आणि हळूहळू आलेला, म्हणून आधी ओळखू आला नाही. वडापावचा यात काही संबंध नाही. रोज इन्सुलिन टोचून घ्यायचं, जेवणाआधी आणि झोपताना, कायमचं.

आई 'कायमचं' म्हणत नाही. ती 'सध्या' म्हणते. सध्या इंजेक्शन चालू आहे. शेजारच्या हंसाभाभींनी विचारलं, "बेटी इतनी पतली क्यूँ हो गई?" तर आई म्हणाली, "डाएटिंग, और क्या!" आणि घरात येऊन दार लावून रडली.

खरं सांगू का, वजन उतरायला लागलं तेव्हा मला आनंद झाला होता. आमच्या रनिंग ग्रुपचा पराग सारखा म्हणायचा, "काय फॉर्म आहे यार तुझा!" मी मरगळत चालले होते आणि सगळे माझं कौतुक करत होते.

इन्सुलिन चालू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखे पोहे खाल्ले, त्याचं पूर्ण इन्सुलिन घेतलं आणि ग्रुपबरोबर घोडबंदर रस्त्याने वरसाव्याच्या पुलाकडे पळायला गेले. काशीमिरा मागे पडलं आणि पाय माझे वाटेनात. पराग पुढून ओरडला, "संचिता, आज बैलगाडी काढलीस का?" मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्हीचं कारण आठवेना. उसाच्या रसवाल्याच्या बाकड्यावर बसून मी लागोपाठ रस प्यायले तेव्हा कुठे माणसात आले. ग्रुपला सांगितलं, ॲसिडिटी झाली.

डॉक्टरबाईंनी समजावलं. पळताना शरीराला इन्सुलिन कमी लागतं. मग पळायच्या आधीचा डोस कमी करायचा, निघताना साखर तपासायची, खिशात ग्लुकोज ठेवायचं. "पळणं सोडू नका," असं त्या स्वतःहून म्हणाल्या. त्या सगळ्या भेटीत मला सुखाचं वाटलेलं तेवढं एकच वाक्य.

आता निकेतबद्दल. स्थळ तू आणलंस म्हणून तुलाच विचारते. तीस नोव्हेंबरला साखरपुडा आहे. मला त्याला त्याआधी सांगायचं आहे. आई म्हणते, लग्नानंतर. बाबा काहीच म्हणत नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवतात. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्या घरात फोनवरचं सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून कागदावर विचारतेय. सांगू ना?

तुझी
संचिता


रोहा
२४ सप्टेंबर २०२५

चि. संचितास अंबिका आत्याचे आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस माझा हात कशाला लागला नाही. तुला शाळेत घालायच्या आधी माझ्याकडे ठेवलं होतं तेव्हा तुला साधा ताप आला तरी मी शिकवणीची पाटी बाजूला ठेवून तुझ्या उशाशी बसायची. आता तू रोज स्वतःला सुई टोचणार, आणि मी इथे.

तू सारं स्पष्ट लिहिलंस हे बरं केलंस. लिहिताना काही गाळायचं नाही हे मीच तुला शिकवलं. पण लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं. निकेतला तू काही बोलू नकोस. मुलीने स्वतःच्या तोंडाने आजार सांगितला की तो आजार चौपट मोठा होतो. गुणवंताला यातलं काही जमणार नाही, तो माझा भाऊ आहे, मी त्याला ओळखते. योग्य वेळ आली की मी तुला सांगेन. तोवर थांब. माझ्यावर सोड.

निकेतची आई शेवंती ही मूळची रोह्याची. माझ्याच घरी गणित शिकायला यायची. डोक्याने हुशार आणि मनाने स्थिर. अशा घरात तू जाणार आहेस, घाबरू नकोस.

आणि हे पळणं थोडं आवर. रस्त्यात पडलीस तर?

तुझी आत्या


जेसल पार्क
२७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तू थांब म्हणालीस म्हणून थांबले. पण थांबणं म्हणजे गप्प बसणं नाही, रोज नवीन काहीतरी खोटं बोलणं आहे, हे मला माहीत नव्हतं. निकेत विचारतो, "पळायच्या आधी खजूर का खातेस?" मी म्हणते, "एनर्जी." तो विचारतो, "बोटांना काय झालंय?" मी म्हणते, "भाजी चिरताना लागलं." तो हसतो आणि म्हणतो, "रोज?" मग विषय बदलतो. तो चांगला आहे, आत्या. जास्त खोदत नाही. म्हणून मला जास्तच लाज वाटते.

दिवाळीत काय झालं ते सांगते. फराळाला निकेत आणि त्याची आई आले होते. माझी नवी इन्सुलिनची पेनं फ्रिजच्या दारात असतात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात. शेवंतीकाकू स्वयंपाकघरात मदतीला येणार, फ्रिज उघडणार, म्हणून आईने सकाळीच ती पेनं उचलून वर फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवली. पाहुणे गेल्यावर पुन्हा दारात ठेवून दिली. मला सांगायचं तिच्या लक्षातच आलं नाही. तिला वाटलं, गार ते गारच.

इन्सुलिन गोठलं की संपलं. मग ते पाण्यासारखं. दिसायला मात्र पेन जसंच्या तसं.

मी त्यातलं एक पेन काढलं आणि रोजच्यासारखी टोचत राहिले. साखर वर वर चढत गेली. डोस वाढवला, तरी चढली. घसा सुकलेला, मळमळ, दिवसभर नुसती झोप. मशीनवर साडेतीनशेच्या पुढचा आकडा आला तेव्हा आई म्हणाली, "करंज्या खाल्ल्यास ना चोरून? खरं सांग!" आणि आत्या, मी खाल्ल्या नव्हत्या, तरी मला क्षणभर वाटलं की खाल्ल्या असतील. इतकी माझी मलाच खात्री राहिलेली नाही. लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्याची खूण, निघाले. अशा वेळी पळायचं नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून बूट काढून ठेवले. डॉक्टरबाईंनी फोनवर एकच विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवलं होतं?" मी तोच प्रश्न आईला विचारला. आई डब्याचं झाकण घट्ट लावता लावता म्हणाली, "एकच दिवस तर वर ठेवलं होतं."

तिला मी काय बोलणार? तिने माझ्यासाठीच लपवलं. नवी पेनं आणली, साखर उतरली. आता आई फ्रिजचं दार उघडतानासुद्धा माझ्याकडे बघते.

पळणं पुन्हा सुरू केलं आहे. हळूहळू हिशेब जमतोय. जेसल पार्कच्या खाडीकाठी छोटी फेरी असेल तर डोसला हात लावत नाही, अर्धं केळं खाते. लांब जायचं असेल तर आधीचा डोस निम्मा करते. तरी अंगाला जे वाटेल ते दर वेळी वेगळंच. आधी पळायला लागले की डोकं रिकामं व्हायचं. आता पळताना सगळा वेळ स्वतःचीच राखण करावी लागते. तरी पळते. दिवसातली तेवढीच वेळ अशी आहे की मी कुणापासून काही लपवत नसते, कारण कुणी विचारत नसतं.

योग्य वेळ कधी येणार, आत्या?

संचिता


रोहा
५ नोव्हेंबर २०२५

चि. संचिता,

तुझ्या आईची मला कीव येते आणि रागही. पण तिला बोलू नकोस.

योग्य वेळेची चिंता सोड. शेवंती समंजस आहे, ती सारं सांभाळून घेईल. तू फक्त साखरपुड्याला हसतमुखाने उभी राहा. मी येऊ शकणार नाही, गुडघे जिना चढू देत नाहीत. पैठणी पाठवतेय, निळी. पळून पळून काळवंडली आहेस असं गुणवंत म्हणतो. साखरपुड्यापर्यंत तरी उन्हात जाऊ नकोस.

तुझी आत्या


जेसल पार्क
३ डिसेंबर २०२५

आत्या,

पैठणी सुंदर होती. फोटोत ती छान आली आहे. मी छान आलेली नाही, त्याचं कारण लिहिते.

हॉल भाईंदर पश्चिमेला होता. गुरुजी म्हणाले, "विधी झाला की अर्ध्या तासात पानं." मी तो शब्द खरा धरला. टॉयलेटमध्ये जाऊन, पैठणीचा पदर दातांत धरून, जेवणाचं इन्सुलिन घेतलं. बाहेर आले तर निकेतचे पुण्याचे काका घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. ते आल्याशिवाय अंगठी घालायची नाही. ते आले. अंगठ्या झाल्या. मग फोटो. मग कुणीतरी म्हणालं, मुलाकडच्यांची पंगत आधी बसू दे. बाबा हात जोडून सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत होते. माझं इन्सुलिन मात्र पंगतीसाठी थांबणारं नव्हतं.

हात थरथरायला लागले. ग्लुकोज ठेवलेली पर्स आईच्या मावशीकडे, ती कुठे तरी आत. समोर पेढ्यांचं ताट होतं. मी एक पेढा उचलला. आईने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, कॅमेऱ्याकडे बघून हसत. कानात म्हणाली, "चालतो का तुला? आणि तेही आज?" आत्या, तिला खरंच वाटलं की ती मला वाचवतेय. इतक्या महिन्यांत तिला एवढंच कळलं होतं की साखर म्हणजे विष. ती कमी झाली की मी मरू शकते, हे मी तिला सांगितलं होतं, दोनदा. तिने ते ऐकलं नव्हतं.

निकेत माझ्या शेजारी उभा होता. मी म्हटलं, "निकेत, मला बसायचंय." त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हॉलभर नजर फिरवून त्याच्या आईकडे पाहिलं. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, स्माइल!" मला त्याचे दात मोठे मोठे दिसायला लागले.

मग शेवंतीकाकू आल्या. हातात कोकम सरबताचा ग्लास, त्यात वरून साखर ढवळलेली, तळाशी दिसत होती. म्हणाल्या, "हे आधी पी. बोलू नकोस. पूर्ण संपव." मला खुर्चीवर बसवलं आणि फोटोग्राफरला म्हणाल्या, "भाऊ, पंधरा मिनिटं थांब. कुणी तिला उठवायचं नाही." पंधरा मिनिटांनी खरंच पुन्हा आल्या, माझ्या कपाळाला हात लावून घाम बघितला आणि बिस्किटं दिली. काही विचारलं नाही.

मी घरी येऊन खूप रडले, पण ते बरं वाटून. आत्या, त्यांना कसं कळलं? साखर दिल्यावर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं असतं हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. त्यांच्या घरात कुणाला हा आजार असेल का? म्हणजे त्यांना मी सांगितलं तर त्या समजून घेतील! मी आता थांबत नाही. निकेतला या आठवड्यात सांगणार आहे. तुझी परवानगी नको, फक्त तुझा आशीर्वाद हवा.

संचिता


रोहा
१२ डिसेंबर २०२५

चि. संचिता,

हे पत्र तुला वेळेत मिळावं म्हणून स्पीडपोस्टने पाठवतेय. निकेतला सांगायची गरज नाही. त्याला माहीत आहे. शेवंतीलाही.

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं त्याच आठवड्यात शेवंती देवीला रोह्याला आली होती. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. लपवून लग्न केलं असतं तर पुढे तुझे हाल झाले असते. तुझ्या आईबापांना ते कळत नाही, मला कळतं. शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उठून गेले असते." तिने मुलाशी बोलून होकार कायम असल्याचं कळवलं. डॉक्टरांना विचारून साखर कमी झाली तर काय करायचं तेही शिकून घेतलं. अशी सासू आज कुणाला मिळते?

दोन-तीन गोष्टी तिने मागितल्या. तुझ्या होणाऱ्या आजेसासूबाईंना, म्हणजे निकेतच्या आजीला, आणि भावकीला कळू द्यायचं नाही. इंजेक्शन चारचौघांत घ्यायचं नाही. आणि हे पळणं बंद. हायवेवर पळताना कुठे पडलीस तर सगळा बोभाटा होईल, आणि घरचं नाव जाईल. मी म्हटलं, ती सोडेल. तुझ्या वतीने मी शब्द दिला. तूही नाही म्हणाली नसतीस. एका बाजूला अख्खा जन्म आणि एका बाजूला सकाळचं पळणं, यात निवडायचं काय?

तुला तेव्हाच सांगितलं नाही, कारण तू मनाने फार सरळ. तुला कळलं असतं तर तू गुणवंताला सांगितलं असतंस, आणि आपल्यामागे सगळं ठरलं म्हणून त्याला अपमान वाटून त्याने स्थळ मोडलं असतं. म्हणून शेवंतीला आणि निकेतला मीच सांगितलं की माहीत आहे असं दाखवू नका. त्यांनी ते पाळलं.

राग धरशील, माहीत आहे. पण पुढे कधीतरी तुझ्या लेकीच्या वेळी तुला कळेल.

तुझी आत्या


जेसल पार्क
२८ डिसेंबर २०२५

आत्या,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचत होते. कुठेतरी 'चुकलं' हा शब्द सापडेल असं वाटत होतं.

निकेत साखरपुड्यानंतर लगेचच बँकेच्या ट्रेनिंगला नागपूरला गेला, म्हणून त्याला समोर बसून सांगायचं राहून गेलं होतं; तो अजून तिथेच आहे. मी त्याला फोन केला, गच्चीवर जाऊन.

"तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "आईने सांगितलेलं. पण दाखवू नकोस म्हणाली."

"साखरपुड्याला मी तुला म्हटलं, बसायचंय. तुला कळलं होतं का मला काय होतंय?"

"हो, म्हणजे... वाटलं तसं. म्हणून तर मी आईकडे बघितलं ना."

"आणि आई लांब असती तर?"

"अगं, पण ती होती ना! आता त्यात काय एवढं? आम्ही कुठे नाही म्हटलं तुला?"

मी पळण्याबद्दल विचारलं. तो हसला, मनापासून हसला. "लग्नानंतर वेळ तरी मिळणार आहे का तुला, वेडे?"

आत्या, तो वाईट नाही. हेच तर. मी रोज त्याच्याशी खोटं बोलायचे आणि घरी येऊन स्वतःला दोष द्यायचे. तो ते ऐकायचा, हसायचा, विषय बदलायचा, आणि मला वाटायचं हा किती समजूतदार. मी त्याच्या शेजारी थरथरत होते तेव्हा तो परवानगीची वाट बघत उभा होता. आपल्या घराने त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी आपल्या घरापासून लपवलं, आणि मधे मी टॉयलेटमध्ये पदर दातांत धरून उभी. जे सगळ्यांना ठाऊक होतं ते जपायला मी आजारीसुद्धा लपून पडले.

शेवंतीकाकूंनी मला सरबत दिलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे आणि राहीन. त्या नसत्या तर काय झालं असतं याचा विचार मला रोज येतो. पण मला सांभाळायचं कसं हे त्यांनी डॉक्टरांकडून शिकून घेतलं आणि मला माझ्या तोंडाने सांगू मात्र दिलं नाही. तूही दिलं नाहीस. तुम्ही दोघींनी मिळून माझा आजार ठरवला, माझी लाज ठरवली, माझं पळणं किती किमतीचं तेही ठरवलं. तू लिहिलंस, निवडायचं काय. माझ्याच निवडीच्या वेळी तू मला बोलावलंच नाहीस.

सकाळचं पळणं म्हणजे तुला हौस वाटते. आज वरसाव्यापर्यंत गेले होते. निघताना डोस निम्मा केला, वाटेत एकदा साखर तपासली, ग्लुकोज खाल्लं, पुन्हा पळाले. पहिल्यांदाच ग्रुपसमोर बोट टोचलं. पराग म्हणाला, "हे काय गं?" मी सांगितलं. त्याने वाकून मशीनवरचा आकडा पाहिला. मग म्हणाला, "मग ते ग्लुकोज माझ्याकडे पण ठेव ना, माझे खिसे मोठे आहेत. आणि तेव्हा ॲसिडिटी सांगितलीस, नालायक!" एवढंच. एवढंच असतं, आत्या. एवढं तुम्हाला का जमलं नाही हे मला कळत नाही. कळेल असंही वाटत नाही.

तुझ्यावरचा राग किती दिवस राहील, मला माहीत नाही. तो संपला असं मी खोटं लिहिणार नाही. तू चांगल्यासाठी केलंस हेही खरं आहे आणि त्यामुळे राग कमी होत नाही, उलट त्याला कुठे ठेवावं हेच कळत नाही. आईवरचा राग मी बाजूला ठेवू शकते, तिला काहीच कळलं नव्हतं. तुला सगळं कळलं होतं.

बाबांना मी पत्रिका छापायला देऊ नका, एवढंच सांगितलं आहे. ते "का?" म्हणाले. मी म्हटलं, "मजकुरात चूक आहे." त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही, बंद केला.  बाकीचं त्यांना आणि आईला शनिवारी, १० जानेवारीला, निकेत परतेल त्या संध्याकाळी सांगेन. त्याआधी सांगितलं तर बाबा रोह्याची गाडी पकडून तुझ्याकडे येतील, आणि तुम्ही दोघं मिळून पुन्हा माझं काहीतरी ठरवाल.

हे लग्न फोनवर मोडायचं नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर, आजेसासूबाई बसल्या असल्या तर त्यांच्याहीसमोर, मला काय झालंय ते मी स्वतः सांगणार आहे. मग तू दिलेला शब्द माझा नव्हता हे सांगणार आहे आणि अंगठी टेबलावर ठेवणार आहे. त्यांनी थांबवलं, अटी सोडल्या, तरी. जी माझ्याजवळ उभी राहून दुसऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघतात, त्या माणसांजवळ मला इन्सुलिन घेऊन झोपायची भीती वाटते. भीती हेच माझं कारण आहे, आणि मला ते पुरेसं आहे.

तुला आधी कळवतेय, कारण मला हे तुझ्यापासून लपवायचं नाही. थांबवायचा प्रयत्न करू नकोस.

मी त्यांच्या घरी जाणार आहे रविवारी, ११ जानेवारी २०२६ रोजी.

संचिता